कानावरचा पदर

धुळाप्पाची लुना गल्लीच्या तोंडाशी फटफटली की ओट्यावर बसलेल्या म्हाताऱ्या डोक्यावरचा पदर पुढं ओढायच्या आणि दोन्ही हातांनी कानांवर दाबून धरायच्या. म्हातारे पटक्याचं टोक कानावरून फिरवून घ्यायचे. ज्याच्या डोक्याला काहीच नसे, तो सरळ बोटं घालायचा. शिवी नाही, आरडाओरडा नाही, कुणी उठून दारसुद्धा लावायचं नाही. सगळे जागच्या जागी बसलेले, कान झाकलेले, आणि डोळे मात्र लुनावरून उतरणाऱ्या माणसावर लागलेले.

ही बिदरकडच्या हुलसूरची गल्ली. साल दोन हजार आठ. हातीपायी धड असलेली माणसं केव्हाच पुण्याच्या नि हैदराबादच्या वाटेला लागली होती, कुणी बांधकामावर, कुणी कंपनीच्या गेटावर. भर दुपारी गावात उरायची ती म्हातारी माणसं, शेळ्या आणि उन्हात तापलेले पत्रे. अशा गल्लीतून चाळिशीचा एक माणूस काखेत रेक्झिनची बॅग मारून चालत जायचा आणि तो जवळ येईल तसे एकेका ओट्यावरचे कान बंद होत जायचे. आणि हा माणूस मांत्रिक नव्हता की वसुलीवाला नव्हता. म्हाताऱ्या माणसांच्या दुखण्याचा विमा विकणारा तो साधा एजंट होता. पगार नाही, ऑफिसात खुर्ची नाही. पॉलिसी काढली तर चार पैसे, नाही तर पेट्रोल घरचं.

असं का झालं, ते त्याच्या बापापासून सांगायला हवं.

खटकचिंचोळीच्या शिवेवर धनगरांची वाडी आहे. वाडीमागं माळ, माळावर बिरप्पाचं देऊळ. धुळाप्पाचा बाप अमृतप्पा दर दसऱ्याला तिथं भाकणूक सांगायचा. येत्या वर्षात काय घडणार, ते एका वाक्यात. देवळापुढं काठी रोवलेली असे. खांद्यावर घोंगडी टाकून तो काठीला हात लावून उभा राहायचा आणि गप्प व्हायचा. केवढा गप्प! नाटकात तिसरी घंटा झाल्यावर, पडदा हलायच्या आधी जो एक क्षण असतो, तो या माणसानं ताणून ताणून असा लांबवलेला असायचा की लेकरं रडायची थांबत, ढोल वाजवणाऱ्यांचे हात आपसूक खाली येत. आणि मग आवाज यायचा. शेळीला हाकलणारा, तंबाखू मागणारा अमृतप्पाचा आवाज तो नव्हे. तो पोटाच्या खालून, जमिनीच्या आतून यायचा. ‘तूर हसंल, ज्वारी रडंल. पाहुणा दारी येईल, घरधनी दूर जाईल.’ असं काहीतरी. आणि वर्ष सरताना लोक एकमेकांना सांगत, बघा, तसंच झालं.

अमृतप्पा गेला तेव्हा पंचांनी ती काठी धुळाप्पापुढं धरली. त्यानं हात मागं घेतला. आपल्या तोंडातून दुसऱ्या कुणाचा आवाज यावा, ही कल्पनाच त्याला सोसली नाही. तेव्हापासून दर दसऱ्याला काठी रोवली जायची, लोक जमायचे, ढोल थांबायचे, आणि काठीपाशी कुणीच नसायचं. रिकाम्या जागेकडं बघत सगळे थोडा वेळ उभे राहायचे आणि मग न बोलता माळ उतरायचे.

धुळाप्पा हैदराबादला गेला आणि एका मोठ्या खाजगी दवाखान्यात लिफ्ट चालवू लागला. दिवसभर माणसं वर न्यायची, खाली आणायची. काही माणसं वर जात ती त्याच्या लिफ्टनं खाली येतच नसत. त्यांच्यासाठी मागच्या बाजूला वेगळी लिफ्ट होती. म्हातारी माणसं जास्त करून तिकडूनच जात. पण त्याहून त्याला छळायचे ते वेगळेच. आज वर नेलेला म्हातारा उद्या तसाच खाली. बरा झाला म्हणून नव्हे, पोरांचे पैसे संपले म्हणून. लिफ्टच्या त्या डब्यात, आरशासमोर, बाप आणि पोरगा एकमेकांकडं न बघता उभे असायचे. तिथंच त्याला कळलं की दुखण्याचाही विमा असतो आणि तो ज्याच्याकडं असतो, त्याच्या पोराला खाली मान घालावी लागत नाही.

पुढं आई सरुबाई वाडीत एकटी होती आणि बायको सुगंधाबाई शहराला कंटाळली होती, म्हणून तो परत आला आणि त्यानं हेच काम धरलं. बिदरला वर्ग केले, गुलबर्ग्याला जाऊन परीक्षा दिली, पास झाला. एका कंपनीनं साठीच्या पुढच्या माणसांसाठी नवी पॉलिसी काढली होती. बिदरच्या शाखेतला सोमशेखर हा कानडी साहेब नव्या एजंटांना शिकवायचा, आपल्या मोडक्या मराठीत.

“पहिला भीती, मग फॉर्म,” तो म्हणायचा. “समोरच्याच्या डोळ्यात बघायचं. ‘उद्या तुम्हाला काही झालं तर?’ एवढंच बोलायचं. आन मग गप्प बसायचं. गप्प बसणं महत्त्वाचं.”

ते गप्प बसणं धुळाप्पानं लहानपणापासून पाहिलेलं होतं.

त्यानं ते वाक्य टाळलं. पहिले काही महिने तो हसून, पोटतिडकीनं दवाखान्याच्या गोष्टी सांगत फिरला. लोक चहा द्यायचे आणि हसायचे. मेल्यावर पैसे मिळतात तो विमा त्यांना ठाऊक होता. दुखलं तर पैसे, हे कुणाला खरंच वाटेना. कुणी म्हणायचं, पुण्याला पोराला फोन लावून विचारतो. पोरगा फोन उचलायचा नाही. एकही पॉलिसी निघेना. सुगंधाबाई रात्रीच्या भाकरीला ‘लिफ्ट बरी होती’ एवढंच म्हणायची, पण रोज म्हणायची.

मग चैत्रात तो हुलसूरला उद्धवरावांकडं गेला. उद्धवराव म्हणजे तुरीचे जुने आडते, सत्तरीचे, ताठ, तोंडाचे फटकळ. पोरगा व्यंकट पुण्यात. घराला तीन दगडी पायऱ्या, त्यातली मधली झिजून मध्ये खोल गेलेली. उद्धवरावांनी नेहमीची टवाळी केली. धनगराच्या पोरा, मेंढरांचा विमा काढ, ती तरी खोकतात. धुळाप्पा थकला होता. त्यानं उद्धवरावांच्या पायांकडं बघितलं, चपलेच्या घासलेल्या टाचेकडं, पायरीकडं. आणि न ठरवता त्याच्या तोंडून निघालं,

“अण्णा, उद्या ह्या मधल्या पायरीवरून पाय सरकला आन खुब्याचं हाड मोडलं, तर व्यंकट येईस्तोवर तुमच्यापाशी कोण हाय?”

आणि तो गप्प बसला. उद्धवरावांनी मधल्या पायरीकडं बघितलं. मग हसले आणि त्याला घालवून दिलं.

त्याच आठवड्यात उद्धवराव त्या मधल्या पायरीवरून पडले. खुब्याचं हाड. व्यंकट पोचेस्तोवर ते शेजाऱ्याच्या बैलगाडीत कण्हत पडून होते.

मग कुणाला तरी आठवलं की हा अमृतप्पाचा पोरगा. बाजारात, गिरणीवर, चावडीवर, औरादच्या आठवडी बाजारापर्यंत ही गोष्ट पोचली. काठी घेतली नाही म्हणून काय झालं, जीभ तर तीच आहे, काळी. बापाची भाकणूक दसऱ्याला व्हायची, हा बॅग घेऊन दारोदारी सांगत फिरतो.

आणि धुळाप्पाचा धंदा एका महिन्यात धावायला लागला.

कारण त्यानं बोलू नये, एवढ्यासाठीच लोक विमा काढू लागले. तो ओट्यावर टेकायच्या आत अंगठा पुढं येई. त्याला सगळं समजावून सांगायचं असायचं. कुठली दुखणी पहिली दोन वर्षं धरली जात नाहीत, आधीचं दुखणं लपवलं तर काय होतं. पण ‘दुखणं’ हा शब्द त्याच्या ओठांवर आला की पदर कानावर जाई. उद्धवरावांची थोरली बहीण राजूबाई तर म्हणाली, “बोलू नकोस रे माझ्या लेकरा. शाई कुठं हाय तेवढं सांग.” आणि अंगठा तिनं असा हळूच टेकवला, जणू कागदावर नाही, विंचवावर अंगठा ठेवायचा आहे.

सोमशेखरनं त्याला शाखेत सगळ्यांपुढं उभं केलं, टाळ्या वाजवायला लावल्या, कंपनीचं नाव असलेलं भिंतीवरचं घड्याळ दिलं. वाडीत ते घड्याळ बापाच्या घोंगडीशेजारच्या खिळ्याला लागलं. धुळाप्पा त्याच्याकडं बघायचा नाही.

तो भ्याला होता, आणि भीती दुसऱ्या कुणाची नव्हती, स्वतःच्याच तोंडाची होती. खटकचिंचोळीत धोंडप्पा म्हणून एक जुना गवंडी होता. त्याच्या ओट्यावर धुळाप्पा चकार शब्द न काढता फॉर्म भरत बसला होता. धोंडप्पा पाणी पीत होता, तांब्या ठेवत होता, पुन्हा उचलत होता. धुळाप्पाची नजर तांब्यावर थांबली.

“बोल,” धोंडप्पा एकदम म्हणाला. त्याचा चेहरा मातीसारखा झाला होता. “नुस्तं बघतोस ते लई वंगाळ हाय.”

“काका, पाणी लई लागायलंय तुमाला,” धुळाप्पा म्हणाला.

पुढं भालकीच्या डॉक्टरनं धोंडप्पाला साखरेचं दुखणं असल्याचं सांगितलं. धोंडप्पानं धुळाप्पाच्या पाया पडून नारळ ठेवला. नारळ ठेवतानाही त्याचे कान झाकलेले होते.

त्या संध्याकाळी धुळाप्पानं आईला विचारलं, अप्पाला ते कसं कळायचं. सरुबाई ज्वारी पाखडत होती. तिनं सूप थांबवलं नाही. ती म्हणाली की तुझा अप्पा वर्षभर बघत फिरायचा. मुंग्या कुठं अंडी नेतात, मेंढी कुठलं पान सोडते, कुणाच्या दारात कुणाचं पाऊल वाढलंय. बघायचा आणि विसरायचा. मग दसऱ्याला ते वर यायचं. त्याला स्वतःला वाटायचं, देव बोलला.

“मग देव न्हवता?” धुळाप्पानं विचारलं.

“बघायला कोण लावायचं त्याला?” सरुबाई म्हणाली आणि फोलपटं वाऱ्यावर सोडली.

आता खरी गोष्ट. सुगंधाबाईनं एक दिवस विचारलं की सगळ्या गावच्या मायांचा विमा काढायलाव, आपल्या मायचा कामून न्हाई? धुळाप्पानं काहीबाही सांगितलं. खरं कारण तो स्वतःलाही सांगत नव्हता.

पंचमीला सरुबाई वारुळाला दूध वाहून माळावरून येत होती, तेव्हा त्यानं बघितलं होतं. लिंबाच्या झाडापाशी ती थांबली, पदराची गाठ सोडून पुन्हा बांधायचं सोंग केलं, आणि डावा हात जबड्याखाली दाबून धरला. बघणाऱ्याला वाटावं, दाढ दुखते. पण हैदराबादच्या लिफ्टमध्ये काळजाच्या कळेनं असा जबडा धरलेली कितीतरी माणसं त्यानं वर नेली होती. त्यांतली बरीच मागच्या लिफ्टनं गेली होती.

त्यानं ते बघितलं, आणि बापासारखं विसरायचा प्रयत्न केला. जमेना. मग त्यानं हिशोब केला, एजंटाचा. पॉलिसी काढल्यावर पहिला महिना कुठल्याच आजारपणाचे पैसे मिळत नाहीत. आधीचं दुखणं असेल तर ते लिहावं लागतं, आणि लिहिलं तर कंपनी घेत नाही. पण न लिहिता काढली, तो महिना निघून गेला, आणि मग दवाखान्यात ‘पहिल्यांदाच’ कळलं, तर? काळजाचं ऑपरेशन हैदराबादला काय घेतं, ते त्याच्याइतकं वाडीत कुणाला ठाऊक होतं? फक्त एक महिना गप्प बसायचं होतं. आणि गप्प बसणं त्याच्या रक्तात होतं.

त्यानं पितरपाटात फॉर्म भरला. वाडीत त्या दिवसांत कुणी नवं काही करत नाही, त्यानं केलं. ‘सध्या काही त्रास आहे का’ याच्यापुढं ‘नाही’ लिहिलं आणि आईचा अंगठा घेतला. सरुबाईनं पदर कानावर घेतला नाही. उलट मान तिरकी करून त्याच्याकडं बघत राहिली, काहीतरी ऐकू येईल म्हणून.

पॉलिसी आली. त्या दिवसापासून त्यानं आईकडं बघणं सोडलं. जेवताना ताटाकडं, बोलताना भिंतीकडं. ती पाणी आणायला निघाली की हा लुना पुसायला लागायचा. अंगणात ती कुठं थांबते, हात कुठं ठेवते, ते त्याला दिसू नये म्हणून. घरात मायलेकरं एकमेकांच्या आजूबाजूनं फिरत होती, आणि त्यातला एक आंधळ्यासारखा वागत होता. घड्याळ मात्र जोरात वाजायचं.

“अलीकडं माझ्याकडं बघत न्हाईस,” सरुबाई एका सकाळी म्हणाली. त्यात तक्रार नव्हती. बाजरीला कीड पडली, एवढ्या सहजपणानं ती म्हणाली.

दसरा पॉलिसीच्या त्या पहिल्या महिन्यातच आला.

त्या वर्षी माळावर कधी नव्हती एवढी गर्दी. खटकचिंचोळीची माणसं होतीच. हुलसूरहून उद्धवराव काठी टेकत, बहिणीला बरोबर घेऊन भाड्याच्या जीपनं आले होते. औरादकडचेही काही होते. जास्त करून म्हातारी माणसं. त्यांना कुणीतरी सांगितलं होतं की यंदा अमृतप्पाचा पोरगा काठी धरणार. धुळाप्पानं तसं कुणालाच सांगितलं नव्हतं. त्या दिवशी मात्र कुणाचाच कान झाकलेला नव्हता. भाकणूक उघड्या कानांनी ऐकायची असते. चैत्रापासून पदराखाली दडलेले ते सगळे कान उन्हात उघडे बघून धुळाप्पा मागं सरकला.

काठी रोवली. ढोल वाजले आणि थांबले. काठीपाशी नेहमीसारखी रिकामी जागा. लोक वाट बघू लागले. वारा पडला. घोंगडीवर बसलेली माशी उडाली तरी ऐकू यावी, एवढं शांत. धुळाप्पा गर्दीच्या कडेला उभा होता. त्यानं ठरवलं होतं, काठीकडं जायचं नाही, कुणाकडं बघायचं नाही.

आणि तेवढ्यात माळाच्या उतारावर लिंबाच्या झाडापाशी त्याची नजर गेली. सरुबाई उशिरानं चढून येत होती. ती थांबली. ह्या खेपेला तिनं पदराच्या गाठीचं सोंगही केलं नाही. हात जबड्याखाली गेला आणि ती झाडाला टेकली.

महिना संपायचा होता. धुळाप्पाला ते ठाऊक होतं. त्याचे ओठ घट्ट मिटलेले होते. ते उघडले, पण त्यानं उघडले नव्हते.

“माय, तुझ्या काळजाला कळ लागलीय. पंचमीपासून दिसायलंय, आन बघणारा तोंड शिवून बसलाय. आज दवाखान्यात गेली न्हाईस तर ह्या माळावरून उतरणार न्हाईस.”

तो आवाज त्याचा नव्हता. वाडीतल्या जुन्या माणसांनी तो ओळखला. एकदोघांचे हात आपोआप जोडले गेले. ढोलावर हात नसताना ढोलाचं कातडं घुमलं, असं त्यांतला एकजण पुढं शपथेवर सांगायचा. धुळाप्पाला स्वतःला आठवतं ते एवढंच, की आपण काठीपासून लांब होतो आणि आपल्या दोन्ही मुठी काठी धरल्यासारख्या मिटलेल्या होत्या.

पण सगळ्यात विचित्र गोष्ट वेगळीच. तो आईकडं बघून बोलला, आणि माळावरच्या प्रत्येक बाईला वाटलं, तो आपल्याला बोलला. राजूबाईनं छातीवर हात ठेवला. एक म्हातारी मटकन खाली बसली. ‘माय’ कुणाला म्हणाला, हे कुणालाच कळेना. फक्त सरुबाईला कळलं.

धुळाप्पा धावत तिच्यापाशी पोचला. तिनं त्याच्या खांद्यावर भार टाकला आणि हळूच म्हणाली, “बोललास एकदाचा.”

उद्धवरावांनी कुणाला विचारलं नाही, जीप पुढं घ्यायला लावली. मधल्या पायरीचा माणूस तो. बहिणीला तिथंच माळावर सोडून त्यांनी सरुबाईला बसवलं. बिदर, आणि तिथून रातोरात हैदराबाद. धुळाप्पानं आईला त्याच दवाखान्यात नेलं. त्याच लिफ्टमध्ये, आता दुसरा कुणी मुलगा बटण दाबत होता. आरशात आई त्याच्याकडं बघत होती आणि हा तिच्याकडं. पुढच्या दिवसांत तो जिन्याच्या कोपऱ्यावर बसून राहायचा, जिथून दोन्ही लिफ्टची दारं दिसतात. सरुबाई पुढच्या लिफ्टनं वर गेली होती आणि पुढच्याच लिफ्टनं खाली आली.

दवाखान्याच्या बिलात वाडीतल्या त्यांच्या उरलेल्या मेंढ्या गेल्या. बिदरला जाऊन धुळाप्पानं सोमशेखरला सगळं सांगितलं आणि आईची पॉलिसी रद्द करायला लावली. सोमशेखर डोक्याला हात लावून बसला. थोडे दिवस कळ काढली असतीस, तर सगळं कंपनीनं दिलं असतं, म्हणाला. धुळाप्पा म्हणाला, “साहेब, माय थांबली असती का?”

त्याचं काम सुटलं नाही. फक्त रीत बदलली. ओट्यावर बसला की आधी विचारायचा, कान उघडायला तयार असाल तरच बॅग उघडतो. सगळं सांगायचा, काय मिळेल, काय नाही, आणि काय दिसतंय. पुष्कळांनी उठवून लावलं. पण त्या दसऱ्यानंतर माळावर असलेल्यांपैकी काही बाया गुपचूप भालकीला जाऊन छाती तपासून आल्या. राजूबाईही त्यांत होती. तिच्या छातीत काही निघालं नाही. तरी ती म्हणायची, त्या आवाजानं निघालंच असतं, मी वेळेवर गेले म्हणून नाही निघालं.

काठी त्यानं पुढंही कधी धरली नाही. बिरप्पापुढं ती जागा अजून रिकामी असते आणि लोक अजून उभे राहतात.

सरुबाई त्यानंतर पुष्कळ जगली. धुळाप्पा आता आईकडं बघायचा. जेवताना, चहा पिताना, अंगणात ती चालत असताना. जसा बाप मुंग्यांकडं बघायचा. कधी कधी त्याची नजर तिच्यावर जरा जास्तच वेळ थांबे, आणि त्याचे ओठ विलग व्हायला लागत. मग सरुबाई हातातलं काम ठेवायची, पदर डोक्यावरून पुढं ओढायची आणि दोन्ही कानांवर दाबून धरायची.

ती हसत असायची. पण तो नजर काढून घेईस्तोवर पदर मात्र सोडायची नाही.